काचेच्या आतली साय

“त्याला चव लागू देऊ नका, मॅडम.”

पंपकाकांनी हे सांगितलं तेव्हा ताई हसली होती.

“काका, ते पिंप आहे. बोका नाही.”

काका हसले नाहीत. हातातलं फडकं घडी करून खिशात घातलं आणि निघून गेले.

ताईने घरी येऊन मला हे सांगितलं तेव्हा मीही हसले. तेव्हा आम्हा दोघींनाही हसायला येत होतं.

ही माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीची गोष्ट आहे. कुणाच्या आत्याच्या नणंदेला आलेला अनुभव नाही. अर्धी ताईने मला सांगितली, उरलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. पटो न पटो, तुमची मर्जी. मला दहा महिन्यांचं मूल आहे; मनाने रचून लिहायला लागते तेवढी झोपसुद्धा माझ्या वाट्याला येत नाही.

आणि रात्र नव्हती. भुताखेताला रात्र लागते असं ज्यांना वाटतं त्यांनी तर हे वाचाच. रविवार होता. दुपारचे दोन. बाहेर लख्ख ऊन.

पण सुरुवात त्याच्या अकरा दिवस आधी झाली. बुधवारी.

ताई एका संशोधन संस्थेत काम करायची. तळघरात, जिना उतरून तिसरी खोली. खोलीत एक दगडी टेबल, हवेच्या उशांवर तरंगणारं, म्हणजे रस्त्यावरून ट्रक गेला तरी त्याला धक्का पोचू नये. टेबलावर ते पिंप. मोठ्या कुकरएवढं, स्टीलचं, अंगाला एक जाड काचेची गोल खिडकी. पिंप हे घरगुती नाव. खरं नाव लांबलचक आहे.

त्यात काय चालायचं, ते ताई मला असं समजवायची. इलेक्ट्रॉनला स्वतःचा एक भोवऱ्यासारखा गुण असतो, त्याला स्पिन म्हणतात. तारेतून वीज वाहते तसा हा स्पिनही वाहतो. वाहता वाहता तो एखाद्या जागी उलटा झाला, की तारेला पीळ बसतो. अगदी जरासा. मुंगीने कूस बदलली तर डोंगराला कळेल तेवढा. तो पीळ पकडायचा म्हणजे केसापेक्षा शेकडो पट बारीक पट्टी त्या तारेवर टांगायची, पिंपातली सगळी हवा ओढून काढायची, पट्टीवर लेझरचा किरण सोडायचा आणि स्क्रीनकडे बघत बसायचं. पट्टी वळली की रेघ वर उडते.

“म्हणजे तू दिवसभर एक पट्टी हलते का ते बघतेस?” मी विचारायची.

“आणि तू दिवसभर काय बघतेस? दोन पोरी शी करतात का ते!”

खरंच होतं. तिची मुलगी तेव्हा पाच महिन्यांची. इतकी गुबगुबीत की मनगटाला वळ्या पडायच्या. आम्ही तिला ढमी म्हणायचो. भाऊजी कामासाठी महिना महिना बाहेर, म्हणून ढमी दिवसभर माझ्याकडे, माझ्या पोरीसोबत. ताई कामावर दूध काढून बाटलीत भरून आणायची. पिंपाच्या शेजारी एक सामानाची खोली होती, तिथे दार लावून बसायची.

“दिवसभर पंपच पंप गं,” ती म्हणायची. “एक पिंपातली हवा ओढतो, एक मला.”

त्या पिंपाचा एक कडक नियम होता. आत उघडा हात लावायचा नाही. बोटाचा एक ठसाही पुरे. हवा काढल्यावर अंगाचं तेल, घाम, सगळं आतल्या आत सुटत राहतं आणि कामाचं वाटोळं होतं. चुकून हात लागलाच, तर हवा काढण्याआधी पुसून घ्यायचं आणि पिंप दोन दिवस तापवत ठेवायचं. त्याला ते लोक ‘भाजणं’ म्हणतात. पंप सांभाळणारे काका तीस वर्षं हेच करत आले होते. म्हणून ते पंपकाका.

बुधवारी ताईला नवी पट्टी बसवायची होती. सरांनी तीन आठवड्यांची मुदत दिली होती. ती आधी दूध काढून आली. घाईत हात नीट धुतले गेले नाहीत. हातमोजे चढवले. पट्टी बसवली. मग झाकणाच्या खाचेत, बाहेरची हवा शिरू नये म्हणून, मऊ धातूची तार दाबून बसवायची असते. मेणासारखा मऊ धातू, बोटांनी दाबावा लागतो.

दाबता दाबता मोजा फाटला.

तिने हात बाहेर काढला. तर्जनीचं टोक उघडं. आणि आत, स्टीलच्या चकचकीत कडेवर...

एक पांढुरका ठिपका.

दुधाचा.

पुसायचं, म्हणजे पट्टी बाहेर काढा. मग भाजा. दोन दिवस गेले. ढमीची आठवण येत होती, छाती पुन्हा भरून आली होती, पाठ दुखत होती.

एवढ्याशा ठिपक्याने काय होतंय, म्हणून तिने झाकण लावलं आणि पंप सुरू केला.

दुपारी दोनला रेघ हलली.

वर. वर. वर. मग थांबली.

परत... वर. वर. वर. मग थांबली.

ताईला आनंद झाला. मग तिच्या लक्षात आलं, की तारेतून वीज सोडलेलीच नाही.

धक्का कुठून बसतोय म्हणून तिने लिफ्ट बघितली. बंद. रस्ता बघितला. रिकामा. शेवटी तारेची जोडणीच उपटून हातात घेतली.

वर. वर. वर.

आणि तेवढ्यात तिला पान्हा फुटला.

ज्या बाया आई झाल्या आहेत त्यांना हे सांगायला नको. दुसऱ्याचं पोर रडलं तरी होतं. पण तिथे कुणी रडत नव्हतं. खोलीत फक्त पंपाची घरघर. तरी रेघ उडाली की तिच्या छातीत ओढ बसायची. रेघ थांबली की ओढ थांबायची. बघता बघता कुडता पोटापर्यंत भिजला.

“किळस आली मला,” तिने नंतर सांगितलं. “माझीच मला. असं वाटलं, कुणीतरी परक्याने, विचारल्याशिवाय...”



त्या संध्याकाळी ढमीने दूध घेतलं नाही.

पोर भुकेने लाल झालं होतं. ताईने जवळ घेतलं. ढमीने तोंड लावलं, आणि लगेच मान फिरवली. ओठ असे आक्रसले, जसे आपण नासकं काही तोंडात आल्यावर आक्रसतो. मग ती ओकली. पोटात काही नव्हतंच. नुसती लाळ.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. बाटली दिली की जिभेने ढकलून द्यायची. डब्याचं दूध दिलं तर चार घोट घ्यायची आणि सगळं बाहेर. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, कान बघितले, घसा बघितला.

“दात येत असतील. होतं असं.”

मनगटाच्या वळ्या गेल्या. आठव्या दिवशी वजन केलं तर पाऊण किलो कमी. पाच महिन्यांच्या पोराचं पाऊण किलो म्हणजे काय, ते आयांनी समजून घ्यावं.

दहाव्या दिवशी, शुक्रवारी, मी ताईने कामावरून आणलेली बाटली उघडली. का कोण जाणे, वास घेतला.

आधी मशीनच्या तेलासारखा वास. मग हातात फार वेळ धरलेल्या नाण्यासारखा. आणि त्याच्या खाली... आंबूस, कोमट. झोपलेल्या माणसाच्या उशीला येतो तसा.

मी बाटली तिरकी केली. दुधासोबत एक तार खाली लोंबली.

लाळेची.

तुटली नाही. लांबत गेली. माझ्या बोटावर टेकली. गरम होती. दूध फ्रिजमधलं होतं, आणि ती तार गरम होती!

मी बेसिनपाशी जाऊन ओकले. साबणाने तीनदा हात धुतले. अजूनही ते बोट मी माझ्या पोरीच्या तोंडाजवळ नेत नाही.

संध्याकाळी ताई आली. मी एवढंच म्हटलं, “ताई, हे दूध उष्टं आहे.”

“वेडी आहेस का? तिथे माझ्याशिवाय कोण असतं?”

“ते मला माहीत नाही. पण कुणीतरी आधी तोंड लावलंय. ढमीला कळतंय. आपल्याला कळत नव्हतं.”

ताई खुर्चीत बसली. मग तिने मला ठिपक्याबद्दल सांगितलं. तारेबद्दल, रेघेबद्दल, रोज दुपारी दोनबद्दल. कामाच्या एकाही दिवशी चुकलं नव्हतं.

“बंद कर ते,” मी म्हणाले. “सर गेले खड्ड्यात. उघड, पूस, भाज, काय करतात ते कर.”

शनिवारी तळघरात दुसऱ्यांची कामं चालू होती. म्हणून रविवार.

रविवारी संस्थेला सुट्टी. रखवालदाराने किल्ली दिली. ताई एकटी खाली गेली. मी घरी, दोन्ही पोरींसोबत. ढमी आता रडतही नव्हती. नुसती पडून असायची, डोळे छताकडे.

ताईने दिवा लावला. पंपाची घरघर. स्क्रीनवर रेघ सपाट.

घड्याळात दोनला पाच कमी.

तिने टॉर्च घेतला आणि पिंपाच्या काचेला लावला. आतलं काही दिसेना. काच पांढुरकी झाली होती. तिने बाहेरून रुमालाने पुसलं.

पांढरं आतून होतं.

जाडसर. पिवळट. सुरकुतलेलं. दूध तापून निवल्यावर वर धरते ना, तशी साय. काचेच्या आतल्या बाजूला, वरपासून खालपर्यंत.

लक्षात घ्या, त्या पिंपात हवा नव्हती. जिथे हवा नाही तिथे ओलं टिकत नाही. पाण्याचा थेंब क्षणात उडून जातो. ही साय ओली होती. तिच्यावरून ओघळ खाली येत होते.

आणि सायीत पट्टे होते. खालून वर ओढलेले, कमानीसारखे, एकाशेजारी एक. तेवढ्या जागेवर काच स्वच्छ. अंगठ्याएवढी रुंदी.

ताई बघत होती. काय आहे ते डोक्यात शिरत नव्हतं.

दोन वाजले.

तिच्या डोळ्यांसमोर, टॉर्चच्या उजेडात, काचेच्या तळाशी सायीला एक खळगा पडला. तो हळूच वर सरकला. साय गोळा होत गेली. मागे स्वच्छ, ओली काच राहिली.

एक पट्टा.

मग दुसरा.

मग तिसरा.

मग थांबलं.

कुणीतरी आतून काच चाटत होतं.

आत काहीच दिसत नव्हतं.

ताईचा कुडता भिजला. पळून यावंसं वाटत होतं. पण तिला ढमीचे डोळे दिसत होते. तिने पंप बंद केला आणि हवा आत सोडायची चावी फिरवली.

सूं... हवा आत जायला लागली. मिनिटभर तेवढाच आवाज. हळूहळू बारीक झाला. थांबला.

पूर्ण शांतता.

मग पिंपातून ढेकर आला.

बाळाला खांद्यावर घेऊन पाठ थोपटली की येतो तसा. लहानसा, पोटभर. झाकणाच्या फटीतून कोमट, आंबट वाफ ताईच्या तोंडावर आली. तिचं तोंड उघडं होतं. ती वाफ तिच्या तोंडात गेली.

याच वेळी घरी काय झालं ते मी सांगते, कारण ते मी पाहिलंय. दोन वाजून आठ मिनिटांनी ढमी खच्चून रडायला लागली. चार दिवसांत पहिल्यांदा. मी घाबरत घाबरत डब्याचं दूध दिलं. तिने बाटली दोन्ही हातांनी धरली आणि तळापर्यंत रिकामी केली. मी तिला छातीशी धरून हुंदके देत बसले.

ताईने झाकण उघडलं. पट्टी जागेवर नव्हती. लेझरचा किरण रिकाम्या जागेतून जात होता. मऊ धातूची तार मात्र खाचेत होती. तिच्यावर खुणा होत्या. दातांच्या नव्हे. हिरड्यांच्या. दोन गोलसर वळ, एक वरचा, एक खालचा. पूर्ण कडेभर, चघळल्यासारखे.

तिने सगळं पुसलं. अकरा फडकी लागली. बुळबुळ जाता जाईना. मग पिंप बंद केलं आणि भाजायला लावलं.

संध्याकाळी ताई घरी आली. ढमी तिला बिलगली आणि पोटभर प्यायली. मान फिरवली नाही. ओकली नाही. आम्ही दोघी बहिणी एकमेकींकडे बघून आधी हसलो आणि मग रडलो. मी चहा टाकला. दोनदा साखर घातली, एवढी मी धांदरले होते.

सोमवारी पंपकाका पिंपापाशी आले. तापलेल्या स्टीलजवळ हात धरला.

“भाजलंत?”

“भाजलं, काका.”

“आधी उघडलंत, मग भाजलंत?”

“उघडल्याशिवाय पुसणार कसं?”

काकांनी हात काढून घेतला. “उघडलंत तेव्हा खोलीत कोण होतं?”

“कुणी नाही. मी एकटी.”

“मग ते बाहेर आलं तेव्हा, मॅडम,” काका म्हणाले, “तुमच्याशिवाय तिथे कुणीच नव्हतं.”

ताईने खोदून खोदून विचारलं. “मला ठाऊक असतं तर आधीच नसतं का सांगितलं?” एवढंच म्हणाले.

पुढचे पंधरा दिवस ढमी भराभर भरली. मनगटाच्या वळ्या परत आल्या. येणारा जाणारा म्हणायचा, अरे वा, कशी टपोरी झाली! मी पण म्हणायची. मी पण फक्त ढमीकडेच बघत होते.

मग एका दुपारी ताई माझ्याकडे होती. मी पुढच्या खोलीत ढमीला मांडीवर घेऊन डुलवत होते. माझी पोर गादीवर झोपली होती. ताई आतल्या खोलीत जरा पडते म्हणाली. दार लोटलेलं.

मला आतून आवाज आला.

चुक. चुक. चुक.

मग काही नाही.

चुक. चुक. चुक.

मी खाली बघितलं. ढमी माझ्या मांडीवर होती. गाढ झोपेत, तोंड मिटलेलं.

मी दार ढकललं.

ताई पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. कुडत्याची बटणं उघडी. उजवा हात असा वाकवलेला, जसं बाळाचं डोकं कोपराच्या खळग्यात आहे. उजवी छाती उघडी. हातात काही नव्हतं.

छातीवरची कातडी आत ओढली जात होती. तीनदा. मग सुटत होती. परत तीनदा. तिथली कातडी राखाडी पडली होती, सुरकुतलेली. कितीतरी वेळ पाण्यात राहिलेल्या बोटांसारखी. आणि ओली. हनुवटीखाली गळ्याची हाडं वर आली होती. गाल बसले होते. हे सगळं पंधरा दिवसांत झालं होतं, माझ्या समोर, आणि मी ढमीच्या वळ्या मोजत होते.

मला शिसारी आली. माझ्या सख्ख्या बहिणीची. लिहायला लाज वाटते, पण मी दोन पावलं मागे सरले.

ताईने डोळे उघडले. तोंडावर बोट ठेवलं.

“हळू बोल. आत्ताच प्यायला लागलंय.”

“ताई... काय आहे ते?”

“माहीत नाही.” तिने रिकाम्या कोपराकडे बघितलं. “आधी याला पाजलं, की ते ढमीच्या वाटेला जात नाही. उजवी बाजू त्याची. डावी ढमीची. मी तिचं उष्टं होऊ देत नाही.”

“अगं, पण तुझं काय?”

“माझं काय?” ती म्हणाली, जसं मी भलतंच काही विचारलं.

मी भाऊजींना फोन केला. ते धावत आले. डॉक्टर झाले. रक्त कमी आहे, झोप कमी आहे, नव्या आईला होतं असं. गोळ्या दिल्या. ताईने काम सोडलं. महिन्याभराने भाऊजींची बदली झाली आणि ते तिघं दूर गेले. तिघं म्हणते मी. दुसरा आकडा हाताने लिहवत नाही.

आता ताई रोज व्हिडिओ कॉल करते. पण बरोबर दुपारी दोनला तिचा फोन लागत नाही. तीनला लागतो. समोर ढमी असते. बसायला लागली आहे, दोन दात आले आहेत. हसरी, गोंडस. मागून ताईचा आवाज येतो, “बघ, मावशीला दात दाखव.” आवाज हल्ली पार पाण्यासारखा पातळ झालाय.

मी म्हणते, “ताई, फोन फिरव ना. तू दिस.”

“माझ्यात काय बघायचंय? पोरीला बघ.”

काल मी हट्टच धरला. तिने फोन खाली ठेवला. स्क्रीनवर छत दिसत होतं. ढमीचं हसणं एका बाजूने येत होतं. आणि दुसऱ्या बाजूने...

मी फोन कापला. उद्या सकाळच्या गाडीने निघते आहे.

तोवर तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या नात्यात, शेजारात, ओळखीत कुणी नवी आई असेल, दिवसभर बाळासोबत एकटी, तर आज तिला फोन करा. बाळ दाखव म्हणू नका. बाळाला सगळेच बघतात. तिला म्हणा, तू दिस. गळ्यापासून बघा, गाल बघा, दोन्ही हात बघा.

आणि ती फोन फिरवायला तयार नसेल, तर बोलत बसू नका. चपला घाला आणि तिच्या घरी जा.